काळ्या मातीत टाइनचं ओढबल दरवेळी वेगळं का येतं?

प्रश्न (सोलापूर, पीएचडी पहिलं वर्ष): मोहोळकडची काळी माती, 300 मिमी रुंद सॉइल-बिन (प्रयोगासाठी माती भरायची पेटी), 50 मिमी रुंद टाइन (माती फोडणारं अवजाराचं पातं), खोली 100 मिमी, वेग कायम. तरी ओढबल (टाइन ओढायला लागणारं बल) बदलतंच. काय चुकतंय?

उत्तर: आधी ओलावा बघा. माती 4.75 मिमी चाळणीतून काढा, पाणी फवारून कालवा आणि 24 तास तरी प्लास्टिकखाली मुरू द्या. भरताना 50 मिमीचे थर. दाबलेल्या थराचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडूनच पुढचा टाका, नाहीतर माती तिथूनच सुटते. मग कोन पेनेट्रोमीटर (शंकूच्या टोकाची सळई दाबून मातीचा कठीणपणा मोजणारं उपकरण) चार-पाच जागी लावा. आकडे जुळेपर्यंत टाइन ओढूच नका.

उत्तर: पातं पुसता का? प्लास्टिक लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती भुरभुरीत न राहता मळता येते त्याच्या) वर ही माती फार चिकटते. टोकावर गोळा बसला की स्टीलवर माती नव्हे, मातीवर माती घसरते. पात्याचा कोनही बदलतो. रीसच्या समीकरणातलं (ओढबल काढायचं सूत्र) आसंजन, म्हणजे माती स्टीलला चिकटण्याचं बल, त्यासाठी वेगळं मोजा: डायरेक्ट शिअर पेटीच्या (माती आडवी सरकवून तिची ताकद मोजणारी दोन भागांची पेटी) खालच्या अर्ध्यात स्टीलचा ठोकळा ठेवून.

उत्तर: बिनही अरुंद आहे. तुटणारी माती दोन्ही बाजूंना साधारण खोलीएवढी पसरते, म्हणजे भिंतीपाशी जेमतेम 25 मिमी उरतात. खोली 60 मिमीवर आणा.

प्रश्नकर्ता: म्हणजे 65 मिमी मिळतील. करतो.