रद्द करण्याचा रस्ता अवघड ठेवा म्हणे!

मुळामुठा

काल 'भरारी' यांनी प्रौढांसाठीची सशुल्क सभासद साइट कशी सुरू करावी यावर लिहिलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर्व्हर नेदरलँड्समध्ये घ्या, म्हणजे इथला कायदा लागत नाही. आधी दोनशे व्हिडिओ भरा, पेमेंटचं नंतर बघता येतं. आणि तिसरा मुद्दा, ज्यानं माझं डोकं फिरलं: "सभासदत्व रद्द करण्याचा रस्ता जरा अवघड ठेवा, निम्मे लोक विसरून जातात, खरा नफा तिथेच असतो." प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी ॲमस्टरडॅममध्ये सहा वर्षं अशाच एका साइटच्या बिलिंगचं काम केलं. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती नाहीही. व्हिडिओ चांगले होते, डिझाइनला नावं ठेवायला जागा नव्हती. बुडाली ती या 'अवघड रस्त्या'पायी.

आमच्याकडे रद्द करायचं तर आधी लॉगिन, मग 'माझं खातं', मग 'मदत', मग एक लांबलचक फॉर्म आणि शेवटी ईमेलवर येणारी लिंक २४ तासांत दाबायची. ती ईमेल बहुतेकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायची. सोमवारी सकाळी सपोर्टची पेटी उघडली की तीनशेच्या वर मेल. त्यातली एक अजून डोळ्यापुढे आहे. विषयाच्या जागी फक्त "प्लीज", आणि आत बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो, आमच्या वसुलीभोवती बॉलपेनने तीन-चार वेळा गिरवलेला गोल. त्या ओळीत साइटचं नावसुद्धा नव्हतं. सायप्रसमधल्या एका कंपनीचं नाव आणि एक फोन नंबर. तो फोन कुणी उचलत नसे, हे मला ठाऊक होतं, कारण मी स्वतः लावून पाहिला होता.

माणूस अशा वेळी काय करतो? बँकेला फोन लावतो आणि सांगतो, हे पैसे मी दिलेच नाहीत. झाला चार्जबॅक. पैसे परत जातात, वर दर केसमागे शुल्क. आणि तिकडे कार्डवाले टक्केवारी मोजत असतात. मास्टरकार्डची रेघ महिन्याला १०० चार्जबॅक आणि दीड टक्का अशी आहे. आमच्या साधारण ४,००० वसुल्या आणि १०० च्या वर चार्जबॅक, म्हणजे अडीच टक्के. या धंद्यात बँक दर वसुलीतले पाच-दहा टक्के सहा महिने अडकवून ठेवतेच, ते तिनं वाढवले. मग खातं बंद केलं. मग नाव गेलं 'मॅच' या मास्टरकार्डच्या काळ्या यादीत. त्या यादीतलं नाव पाच वर्षं निघत नाही, तोवर दुसरी बँक दारात उभं करत नाही. बावीस माणसं घरी बसली, त्यात मी एक.

आणि "पेमेंटचं नंतर बघू"? स्ट्राइप आणि पेपाल हा धंदा घेतच नाहीत. हाय-रिस्क, म्हणजे जोखमीच्या धंद्याला, खातं देणारी बँक आधी मालक कोण ते विचारते, साइट उघडून बघते, रद्द करायचं बटण कुठे आहे तेही बघते. दोनशे व्हिडिओंवर पैसे घालून बसल्यावर हे कळलं तर काय करणार?

भरारी

तुमची कंपनी बुडाली म्हणून सगळ्यांचीच बुडते असं नाही. मी ठाण्यात बसून अमेरिकेतल्या क्लायंटसाठी अशा तीन साइट्स बांधल्यात, तिन्ही चालू आहेत. स्वतःचं बँक खातं काढायला सांगतंय कोण? सीसीबिल, इपॉक यांच्यासारखे मध्यस्थ कशाला आहेत? जास्त टक्के घेतात, पण कटकट त्यांची. आणि रद्द करण्याबद्दल म्हणाल तर जगात सगळे तेच करतात. आमच्यावरच एवढा राग का?

मुळामुठा

कटकट त्यांची, हे कुणी सांगितलं तुम्हाला? तेही चार्जबॅक मोजतात, आणि टक्का चढला की तेही तुम्हाला काढून टाकतात. फरक इतकाच की तुमच्या आधी त्यांना कळतं.

वकील_रत्नागिरी

दोघेही पैशाचं बोलताय. पहिला मुद्दा कुणी खोडला नाही म्हणून लिहितो. सर्व्हर नेदरलँड्समध्ये आणि माणूस ठाण्यात, तर कायदा ठाण्यातल्या माणसाला शोधतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ: लैंगिक कृत्य उघड दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध केला किंवा पाठवला तर पहिल्या खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, दुसऱ्या खेपेला कैद सात वर्षांपर्यंत. अजामीनपात्र. कलम ७५ परदेशातून केलेल्या गुन्ह्यालाही लागतं, भारतातला संगणक त्यात गुंतला असला की पुरे. प्रौढानं स्वतःच्या घरात बघणं वेगळं आणि पुरवणं वेगळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढच्या बंगल्यावर छापा घातला होता, आठवतंय ना? आणि २०१५ मध्ये सरकारनं ८५७ साइट्स बंद करायला सांगितल्या होत्या, जुलै २०२५ मध्ये २५ ॲप्सवर बंदी घातली. माझ्याकडे बावीस वर्षांचा एक मुलगा आला होता, 'मी फक्त कोडिंग केलं' म्हणत. त्याची आई माझ्या ऑफिसच्या बाकावर पदराचं टोक दातात धरून बसली होती. असल्या पोस्टी वाचून पोरं फसतात.

भरारी

साहेब, माझे क्लायंट अमेरिकन, कंपनी अमेरिकन, तिथे हा कायदेशीर व्यवसाय आहे. मी मराठीत लिहिलं म्हणजे ठाण्यात दुकान काढा असं म्हटलं नाही.

वकील_रत्नागिरी

मग ते एका वाक्यात लिहायचं होतं. वाचणारा ठाण्यातच आहे.

तर्रीबाज_सातारा

विषय निघालाच आहे तर रद्द करण्यावर बोलायचंय. हे फक्त प्रौढ साइट्सचं नाही हो! पुण्यात एका जिमचं वर्षाचं सभासदत्व घेतलं, पैसे दर महिन्याला खात्यातून कापायचे. दोन महिन्यांत गुडघा गेला. रद्द करायचं तर 'प्रत्यक्ष येऊन अर्ज द्या'. गेलो काठी टेकत. जिना तिसऱ्या मजल्याचा. वर गेल्यावर म्हणतात, मॅनेजर मंगळवारी भेटतात. मंगळवारी गेलो तर शाखा बदलून गेलेले. माणसाला ही वागणूक? सहा महिने खात्यातून पैसे कापले.

नीलांबरी

माझ्या आईचं ऐका. एका ज्योतिषाच्या ॲपवर एक रुपयाला कुंडली बघितली, पुढे दर आठवड्याला ९९ रुपये. तिला वाटलं गॅसचे पैसे आहेत. आठ महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा मला दिसलं.

मुळामुठा

नीलांबरीताई, हे थांबवायचा रस्ता आपल्याकडे आहे, वापरा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम कडक झाला: कार्डावरून आपोआप वसुली करायची तर निदान २४ तास आधी कळवावं लागतं आणि तिथूनच नाही म्हणता येतं. तो नियम आला तेव्हा परदेशी साइट्सची भारतीय कार्डांवरची वर्गणी धडाधड अडकली होती. भरारी, तुमच्या साइट्सवर भारतीय सभासद असतील तर "विसरतात तोच नफा" हे गणित इथे तरी बसत नाही.

तर्रीबाज_सातारा

नियम आहे म्हणता, मग माझे सहा महिने कसे कापले?

मुळामुठा

तुमचं कार्डावरून नसेल, बँकेतून थेट मॅन्डेट असेल, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी. बँकेत जाऊन तो रद्द करा, जिमला विचारायची गरज नाही.

तर्रीबाज_सातारा

हे मला कुणी सांगितलंच नाही! बँकेतला माणूस म्हणाला, आधी जिमचं पत्र आणा.

नीलांबरी

सगळीकडे तेच. ग्राहकानं पत्रं आणायची.

वकील_रत्नागिरी

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, १३ प्रकारांची यादी काढली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे. ऑनलाइन फसला असाल तर लेखी तक्रार करा, १९१५ वर फोन करा. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनला प्राइमच्या याच प्रकरणात अडीच अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. एवढी मोठी कंपनी! तुमचे तीन क्लायंट कुठे राहतील?

भरारी

ठीक आहे, अमेरिकेतही आता ते महागात पडतं, एवढं मान्य. पण सगळे मिळून मला जिमवाल्यांच्या पापाचा जाब विचारताय.

उंबरठा

जिम पुरे. मी दोन दिवस वाचतेय आणि एकानेही विचारलं नाही की ते दोनशे व्हिडिओ कुणाचे.

मी पुण्यात एका कंपनीत चार वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. 'हा माझा व्हिडिओ आहे, काढा' अशा तक्रारी. एक मुलगी रोज सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी लिहायची. तिचा व्हिडिओ तिच्या जुन्या मित्रानं कुठल्याशा साइटला विकला होता, तिथून तो 'पॅकेज'मध्ये, म्हणजे गठ्ठ्यानं विकल्या जाणाऱ्या व्हिडिओंमध्ये आला आणि सहा साइट्सवर गेला. आम्ही एकीकडून काढला की दुसरीकडे वर यायचा. तिच्या मेलमध्ये दर वेळी लिंकची यादी असायची, क्रमांक घालून, वहीत लिहिल्यासारखी नीट. एकेचाळीसपर्यंत मी मोजलंय. त्यानंतर मेल यायच्या बंद झाल्या. ती थकली, की दुसरं काही झालं, मला माहीत नाही. मी नोकरी सोडली त्यालाही तेच कारण.

भरारी, मला सरळ उत्तर द्या. दोनशे व्हिडिओ "भरा" म्हणजे कुठून?

भरारी

परवाना असलेली पॅकेजेस मिळतात. सगळे घेतात.

उंबरठा

प्रत्येक चेहऱ्याचं ओळखपत्र आणि सहीचा संमतीचा कागद तुमच्या क्लायंटकडे आहे का? हो की नाही.

भरारी

विकणाऱ्याकडे असतो.

उंबरठा

म्हणजे नाही.

मुळामुठा

उंबरठा बरोबर बोलताहेत आणि मी हे आधी लिहायला हवं होतं. मी बँकेच्या बाजूनंच विचार करत बसलो. अमेरिकेत कलम २२५७ खाली वयाच्या नोंदी निर्मात्याला ठेवाव्याच लागतात. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं पॉर्नहबवरची कार्डं थांबवली, तेव्हा पॉर्नहबनं पडताळणी न झालेल्या लोकांचे लाखो व्हिडिओ एका झटक्यात काढले. १५ ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डला प्रत्येकाची ओळख, वय, संमती यांची कागदपत्रं लागतात, व्हिडिओ चढवायच्या आधी तपासावा लागतो, आणि तक्रार कामाच्या सात दिवसांत निकाली काढावी लागते. सात दिवस, भरारी. हे काम करायला तुमच्या खर्चाच्या हिशेबात एकसुद्धा माणूस नाही.

भरारी

मग लहान माणसानं हा धंदा करूच नये असं सांगा ना सरळ! ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून बघणाऱ्याचंही वय तपासायचं, टेक्सासमध्ये तेच, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. प्रत्येक तपासणीचे पैसे वेगळे. शेवटी सगळे ओन्लीफॅन्स या तयार वर्गणी-साइटला २० टक्के देऊन मोकळे होणार.

मुळामुठा

तिथेही सुरक्षित नाही कुणी. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी बँकांच्या दबावाखाली उघड लैंगिक मजकूर बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं, सहा दिवसांत मागे घेतलं. ते सहा दिवस तिथल्या मुलींनी कसे काढले असतील? म्हणून स्वतःची साइट असावी, या तुमच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे. पण कागद आधी, पेमेंट त्यानंतर, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. तुमची यादी उलटी आहे.

भरारी

रद्द करण्याचा मुद्दा पोस्टमधून काढतो. सर्व्हरचं वाक्यही बदलतो, वकीलसाहेबांना हवं तसं. पॅकेजचं क्लायंटला विचारून सांगतो.

उंबरठा

विचारा. तोवर ते दोनशे खाली उतरवा.

भरारी

एका साइटवरचे उतरवतोय. बाकी दोघांचं त्यांच्या हातात आहे, मी मेल टाकलीय.