वय वीस, गुन्हा दुसरा: कायदा खरंच मवाळ आहे का?

वकीलगल्ली
परवा इथे एकाने लिहिलं होतं: "अठरा ओलांडलेल्या पोराला पहिल्यांदा सोडतात, दुसऱ्यांदाही कोवळं वय म्हणून सोडतात, म्हणूनच मोबाइल पळवणारे माजलेत." त्याखाली चाळीस जणांनी 'सहमत' लिहिलं. मला हे पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याच्या भाषेत 'दुसऱ्यांदा' म्हणजे दुसरी दोषसिद्धी, म्हणजे कोर्टाने दुसऱ्यांदा दोषी ठरवणं. दुसरा एफआयआर नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्या दोषसिद्धीला मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी, जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. त्यावर कलम 13 आहेच. मालमत्तेच्या, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस तसाच गुन्हा पुन्हा करतो तेव्हा शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाते. याला मवाळ कसं म्हणायचं?

खरा घोळ पहिल्या केसमध्ये होतो. पोरगा तीन-चार महिने आत असतो, जामीनदार मिळत नाही, घरचे थकलेले. मग बराकीतच कुणीतरी सांगतं, "कबूल करून टाक, आत काढलेले दिवस शिक्षेत धरतात, आजच सुटशील." तो कबूल करतो आणि संध्याकाळी घरी येतो. ही कबुली म्हणजे दोषसिद्धी आहे, हे त्याला कुणीच सांगत नाही. पुढच्या केसमध्ये तीच 'पूर्वीची शिक्षा' म्हणून दोषारोपात येते. तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 401 खालची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, गेली. कमाल शिक्षेच्या निम्म्याऐवजी एक तृतीयांश मुदत आत काढल्यावर जामीन मिळण्याची सवलतही गेली, कारण ती फक्त पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला आहे.

चौकीसमोर
कागदावर सगळं छान आहे. पण तुमची ती दुसरी दोषसिद्धी येते कधी? पहिल्या केसचा निकाल लागेपर्यंत त्याच पोरावर आणखी पाच गुन्हे दाखल झालेले असतात. पंच फितूर होतो, फिर्यादी तिसऱ्या तारखेनंतर येत नाही, ओळख परेड इतकी उशिरा होते की कोर्ट ती बाजूला ठेवतं. शेवटी निर्दोष. म्हणजे सहा एफआयआर आणि दोषसिद्धी शून्य. गल्लीतल्या माणसाला तो सराईत दिसतो, कोर्टाच्या लेखी तो कोरा.

आणि एक दुरुस्ती. किमान एक वर्षाची अट 'याच कलमाखालच्या' दुसऱ्या दोषसिद्धीला आहे. हिसकावून पळणं आता वेगळ्या कलमात आहे, 304. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दुसऱ्या वेळेसाठी किमान शिक्षा काहीच नाही. आधी 304 मध्ये दोषी, मग साध्या चोरीत दोषी, तरी 303 ची अट लागू होत नाही. लोक चिडलेत ते हिसकावणाऱ्यांवर, आणि तिथेच कायदा ढिला आहे.

वकीलगल्ली
304 चा मुद्दा बरोबर, माझ्या लिहिण्यात तो राहिला. पण कलम 13 दोन्हींना लागू होतं, त्यामुळे 'ढिला' मान्य नाही. सरकारी वकिलाने आधीची शिक्षा तारीख आणि ठिकाणासह दोषारोपात घालून घ्यायला हवी, निकालाची प्रमाणित प्रत आणायला हवी आणि तो माणूस हाच, हे सिद्ध करायला हवं. हे कष्ट घेतले जात नसतील तर तो दोष कलमाचा कसा?

मुद्देमाल
फिर्यादी तारखेला का येत नाही, यावरही कुणी बोला. ज्याचा फोन गेला त्याचा फोन सापडला तरी मुद्देमाल खोलीत पडून राहतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 प्रमाणे वस्तू कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत परत देण्याचा आदेश करायचा. लोकांना हे माहीतच नसतं. खरेदीचं बिल आणि आयएमईआय (फोनचा ओळख) क्रमांक लावून साधा अर्ज द्यावा लागतो. ज्याला स्वतःची वस्तू मिळवायला सहा खेपा पडल्या तो साक्षीला सातवी खेप कशाला घालेल?

पेठेतला
म्हणून तर पोलीस तडीपारीकडे वळतात. पोरगा दोन वर्षं शहराबाहेर, गल्ली शांत. साक्षीदारांना समोर यावं लागत नाही, जबाब गोपनीय राहतो. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांवर दुसरा कोणता उपाय होता?

जामीनदार
शांत कुठली? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली लगतच्या जिल्ह्यांतूनही हद्दपार करता येतं. वीस वर्षांचा पोरगा जातो कुठे? जिथे ओळख नाही, काम नाही, भाड्याने खोली कुणी देत नाही, तिथे. दोन महिन्यांत आईला भेटायला रात्री परत येतो, कुणीतरी टीप देतं, आणि कलम 142 खाली नवा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. चोरीच्या केसचा निकाल लागलाच नाही, पण शहरात पाय ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. पुन्हा गुन्हा घडायची सोय आपणच करून देतो.

पेठेतला
आणि त्याने ज्या बाईच्या गळ्यातली पोत ओढली, तिने कुठे जायचं? पोराची खोली आणि पोराची आई यापलीकडे तुम्हाला काही दिसतच नाही.

जामीनदार
ती बाई मला दिसते. तिला हवा आहे निकाल, आणि तडीपारीत निकाल लागतच नाही. उलट आरोपीला कोर्टाच्या तारखेला शहरात यायला परवानगी काढावी लागते, ती वेळेत मिळाली नाही की तारीख बुडते आणि तिचीच केस आणखी लांबते.

वकीलगल्ली
तडीपारीवर तुम्ही दोघेही भांडताय, पण नोटीस हातात पडल्यावर काय करायचं ते कुणीच लिहिलं नाही. पोलीस अधिनियमाच्याच कलम 59 खाली आरोपांचं साधारण स्वरूप लेखी द्यावंच लागतं. उत्तर द्या, साक्षीदार द्या, वकील उभा करा. प्रत्येक गुन्ह्याची तारीख आणि सद्यस्थिती यांचा तक्ता जोडा: निर्दोष, प्रलंबित, तडजोड. गुन्हे जुने असतील तर ठळक लिहा. आदेश झालाच तर कलम 60 खाली राज्य सरकारकडे तीस दिवसांत अपील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये जालना जिल्ह्यातला तडीपारीचा आदेश रद्द केला, तो जुने गुन्हे आधाराला घेतले आणि पूर्ण दोन वर्षं का हवीत हे आदेशात कुठेच नव्हतं म्हणून. बहुतेक पोरं नोटीस खिशात घालून फिरतात आणि सुनावणीला जातच नाहीत, मग आदेश एकतर्फी होतो.

चौकीसमोर
जामीनदारांना सांगतो, तडीपारी नको तर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 129 खाली तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचा बाँड. मोडला तर बाँडची रक्कम जप्त.

जामीनदार
आणि पोलीस आयुक्तालयात तो बाँड घेणारा विशेष कार्यकारी दंडाधिकारी कोण? पोलीस अधिकारीच. तक्रार करणारं खातं आणि निर्णय देणारं खातं एकच. वर इतक्या रकमेचा जामीनदार मागतात की पोरगा जामीनदाराअभावीच आत जातो.

चौकीसमोर
रकमेचं मान्य करतो. ती माणसाची ऐपत बघून ठरवायला हवी, तसं होत नाही. पण एवढंच मान्य. पोलिसांच्या हातातून सगळंच काढून घेतलंत तर उद्या लोक स्वतःच मारहाण करतील.

पेठेतला
मग सतराव्या वर्षी केलेले गुन्हे तरी मोजा. अठरा लागले की पाटी कोरी, हे चालणार नाही.

वकीलगल्ली
नाही मोजता येत. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 24: बालपणीच्या दोषसिद्धीमुळे कसलीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त सोळा ओलांडलेल्या आणि गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलाचा.

उलट अठरा ते एकवीसची खिडकीच किती अरुंद आहे बघा. परिवीक्षा अधिनियम 1958 च्या कलम 6 प्रमाणे एकवीसच्या आतल्या मुलाला कैद द्यायची तर कोर्टाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारणं लिहायची. आधीची दोषसिद्धी इथे आपोआप आडवी येत नाही, 401 मध्ये येते. पण वय धरतात ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवसाचं, गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे. एकोणिसाव्या वर्षी पकडला, निकाल तेविसाव्या वर्षी, तर कलम 6 संपलं. उरतं कलम 4, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, तेही कोर्टाच्या मर्जीवर.

चौकीसमोर
हे मला माहीत नव्हतं. खटला लांबला की दोन्हीकडून नुकसान होतं, इतपत तुमच्याशी सहमत. कायदा 'मवाळ' नाही हे मान्य, पण माझा 'ढिला' हा शब्द मागे घेत नाही.

मुद्देमाल
दोन केसेस एकदम असतील तर आत काढलेले दिवस दोन्हींत धरतात का?

वकीलगल्ली
धरतात, पण दुसऱ्या केसमध्येही रीतसर अटक दाखवलेली असेल तरच. पहिल्या केसमध्ये आत असताना दुसऱ्या पोलीस ठाण्याने तुरुंगातून ताबाच घेतला नाही, तर ते दिवस दुसऱ्या केसला मिळत नाहीत. त्यामुळे दोन्हींचे रिमांडचे कागद आजच काढा आणि अटकेच्या तारखा ताडून बघा. दुसऱ्या शिक्षेच्या दिवशी वकिलाने उभं राहून "दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या" असं आदेशात लिहून घ्यायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 467 प्रमाणे कोर्टाने तसं लिहिलं नाही तर दुसरी शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते.