लुसी लार्कम : गिरणीतून थेट शिक्षिका? मधल्या काळात काय झालं?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेलच्या सूतगिरण्यांबद्दल वाचतेय. लुसी लार्कम (19व्या शतकातली कवयित्री) 11व्या वर्षी गिरणीत लागली आणि पुढे सेमिनरीत, म्हणजे मुलींच्या वरच्या शिक्षणाच्या शाळेत, शिकवायला लागली असं दोन ओळीत उरकलंय सगळीकडे. पण शाळा अर्धवट राहिलेली पोरगी तिथवर पोचली कशी? कुणाला नीट माहितीये का?

प्रतिसाद १
वडील गेल्यावर आईने बेव्हर्ली हे गाव सोडून लॉवेलला गिरणीतल्या मुलींसाठी खानावळ चालवायला घेतली, पण पोरं बरीच आणि पैसे पुरेनात, म्हणून 1835च्या सुमारास लुसी कामाला लागली. साधारण पाऊण तासाने सूत कातायच्या यंत्रावरच्या भरलेल्या बॉबिन (सुताची रिळं) काढून रिकाम्या लावायच्या, पहाटे 5 ते संध्याकाळी 7. आत पुस्तक न्यायला बंदी, मग हिने काय केलं तर पेपरातल्या कवितांची कात्रणं आपल्या जागेजवळच्या खिडकीभोवती चिकटवली आणि काम करता करता पाठ केली. मला तर तिची खरी शाळा हीच वाटते.

प्रतिसाद २
खिडकी छानच आहे, पण त्यापायी गिरणी गोड करून सांगू नका प्लीज. 1834 मध्ये पगार कापले म्हणून आणि 1836 मध्ये खानावळीचे दर वाढवले म्हणून तिथल्या मुलींनी संप केलेत. 1836 ला मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की गिरणीत काम करणाऱ्या 15 च्या आतल्या मुलांना वर्षात 3 महिने तरी शाळेत पाठवायचं. लुसी ते 3 महिने गेली, हायस्कूलला जाण्याइतकी तयारी झाली आणि घरच्या गरजेपोटी परत गिरणीत. हे वाचून फार वाईट वाटतं मला.

प्रतिसाद १
हो, पटलं. पुढचं सांगायचं राहिलं. 1846 ला ती बहिणीबरोबर इलिनॉयला गेली, तिथे खेड्यातल्या शाळांमध्ये शिकवलं, मग गॉडफ्रीच्या मॉन्टिसेलो सेमिनरीत स्वतः विद्यार्थिनी म्हणून बसली, 1852 ला शिक्षण पूर्ण, तेव्हा वय 28! मग परत मॅसॅच्युसेट्सला येऊन 1854 पासून नॉर्टनच्या व्हीटन सेमिनरीत शिक्षिका, तिथे मुलींचं 'रशलाइट' नावाचं मासिकही सुरू केलं.

मूळ प्रश्नकर्ती
थँक्यू दोघांना! म्हणजे मधे 19 वर्षं आहेत, दोन ओळीत कशी मावणार. आणि तिने गिरणी सोडली कशासाठी, जास्त पगारासाठी?

प्रतिसाद २
नाही ना. शेवटचा हिशोब करताना पगारवाल्याने तिला हेच विचारलं, जास्त पैसे मिळतील तिकडे चाललीस का? ती म्हणाली नाही, जास्त वेळ मिळेल तिकडे चाललेय.