चिखलणीत ट्रॅक्टरच्या लिफ्टचं ऑइल पाणी शिरून दुधाळ झालं, तर निथळून चालवायचं की सगळं काढायचं?

दिवाडीचा खाजनकर:
चिखलणी सुरू झाली की दरवर्षी हाच प्रश्न. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढावी तर ऑइल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. लिफ्ट झटके देत उचलते, पंप ओरडतो. गॅरेजमधला सल्ला ठरलेला: "रात्रभर उभा ठेवा, पाणी तळाला बसेल, सकाळी ड्रेन नट सैल करून तेवढं सोडा, वरून नवं टाका. हंगाम निघेल."

माझा याला साफ विरोध आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना एकच ऑइल असतं. थोडंफार पाणी शिरलं तर ते पसरवून धरेल असंच ते बनवतात. म्हणजे तळाला बसलेलं पाणी तुम्ही सोडलंत, पण ऑइलभर पसरलेलं तसंच राहिलं. पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्हमधली फट काही मायक्रॉनची. तिथे गंज धरला की उचललेला रोटाव्हेटर आपोआप खाली बसायला लागतो. त्यात आमचं शेत खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या जमिनीतलं, मातीत मीठ. दुधाळ दिसलं की सगळं काढा.

डिचोलीचा ट्रॅक्टरवाला:
भाऊ, चाळीस-पन्नास लिटर ऑइल लागतं, दहा हजारांच्या वर जातं. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याची कमाई चिखलणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत. आज सगळं बदललं आणि उद्या पुन्हा केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून गुडघाभर चिखलात उतरलो, तर गळक्या सीलमधून पाणी परत आत. मग ते दहा हजार चिखलातच गेले ना? हंगामात निथळून चालवा, चतुर्थीच्या आधी एकदाच नीट बदला.

आणि मिठाचं म्हणाल तर पाऊस पडून मीठ धुऊन गेल्याशिवाय खाजनात चिखल करतं कोण?

स्पॅनर, फोंडा:
दोघेही थांबा. आधी ते पाणीच आहे का ते बघा. ऑइल कमी असेल किंवा पंपाच्या सक्शनला हवा ओढत असेल तरी ते फेसाळून पांढुरकं दिसतं. काचेच्या बाटलीत नमुना घ्या. हवा असेल तर तासाभरात खालून वर साफ होत जातं. पाणी असेल तर गढूळच राहतं, नाहीतर तळाला वेगळा थर दिसतो. शंका उरली तर तापल्या तव्यावर एकच थेंब टाका, चेहरा लांब ठेवून. तडतडला की पाणी.

मग पाणी शिरलं कुठून ते शोधा. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, ब्रीदरची (हवा जाण्या-येण्याच्या नळीची) हरवलेली टोपी, मागच्या एक्सलचं सील. पावसात उघड्यावर उभा ट्रॅक्टर लिव्हरच्या रबरातून किती पाणी पितो याची बऱ्याच मालकांना कल्पनाच नसते. प्लास्टिकची पिशवी बांधली तरी फरक पडतो.

भातवाला, पेडणे:
आमच्याकडे ऑइल काढलं की डिझेल भरून लिफ्ट वरखाली करतात. आतलं सगळं धुऊन निघतं. स्वस्त आणि मस्त.

स्पॅनर, फोंडा:
डिझेल भरून लिफ्ट चालवू नका. पातळ असल्याने पंपाला वंगण मिळत नाही. शिवाय एक्सलच्या नळकांड्यात, सिलिंडरमध्ये साचून राहिलेलं डिझेल नंतर नवं ऑइल पातळ करतं. धुवायचंच असेल तर त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल घाला, थोडा वेळ चालवा, गरम असतानाच सोडा. सोडताना लिफ्टचे हात पूर्ण खाली असू द्या, नाहीतर सिलिंडरमधलं दुधाळ ऑइल आतच राहतं आणि नवं ऑइल पहिल्याच दिवशी पुन्हा पांढरं दिसतं.

आणि जुनं ऑइल कढईत तापवून पाणी उडवण्याचा उद्योग कोणीही करू नका. तळातलं पाणी उकळलं की तेल उसळून बाहेर येतं, आग लागते.

दिवाडीचा खाजनकर:
सील आधी, ऑइल नंतर, हे डिचोलीच्या भाऊंचं मान्य. पण मीठ पूर्ण धुऊन जात नाही. जूनच्या पहिल्या चिखलात ते असतंच. खरं नुकसान होतं चिखलणीनंतर, ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा. वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) नांगरट येईपर्यंत ते खारं पाणी बेअरिंगला चिकटून बसतं. चतुर्थीपर्यंत थांबायचं म्हणजे त्याला तेवढे महिने द्यायचे. तेलातल्या ब्रेकच्या प्लेटाही पाण्याने खराब होतात, आणि ब्रेक गेलेला ट्रॅक्टर बांधावरून नेणं म्हणजे जिवाशी खेळ.

कुडतरीची शेतकरीण:
काढलेलं ऑइल कुठे टाकता ते कोणी बोललं नाही. आमच्याकडे मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाणी अडवायच्या दाराच्या) फळ्यांना फासतात, उरलेलं बांधावर ओततात. मानशीच्या पाण्यात मासळी, सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) असतात, तेच आपण खातो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या. त्यात ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं घ्यायला ते तयार होत नाहीत.

डिचोलीचा ट्रॅक्टरवाला:
ताई, कॅनचं पटलं, आमच्याकडेही ओततातच. ऑइलबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे: बाटलीत पाणी वेगळं बसत असेल तर हंगाम निथळूनच काढणार. सकाळपर्यंत दुधाळच राहिलं तर ट्रॅक्टर थांबवेन, पण आधी सील आणि लिव्हरचं रबर बदलेन, ऑइलचा डबा त्यानंतरच उघडेन. खाजनकरभाऊ, एक्सलचं सील तुम्ही कंपनीचं घालता की बाजारातलं?

दिवाडीचा खाजनकर:
कंपनीचंच. बाजारातल्याची कड खाऱ्या चिखलात लवकर कडक होते. बसवताना शाफ्टवर सीलची जुनी खाच पडली आहे का ते नखाने चाचपून बघा. खाच असेल तर नवं सीलही गळणार.