मित्रराष्ट्राच्या युद्धनौकेला नकार देणे ही करारभंगाची कृती ठरते का?

प्रश्न : सागरवेध

१९५१ च्या अँझस करारामुळे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड संरक्षणाच्या बाबतीत एकमेकांशी बांधले गेले होते. तरीही १९८५ च्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या डेव्हिड लाँगी सरकारने अमेरिकेच्या 'ब्युकॅनन' या विनाशिकेला बंदरात येऊ दिले नाही. संकटकाळी ज्याच्या मदतीवर भिस्त ठेवायची, त्यालाच परत पाठवणे हे करारनिष्ठेत कसे बसते?

प्रतिसाद : उत्तरायण

मला यात करारभंग दिसत नाही. समान धोका उद्भवल्यास प्रत्येक देश आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पाऊल उचलेल, असे वचन त्या करारात आहे. अण्वस्त्रवाहू जहाजांसाठी बंदरे खुली ठेवण्याची अट त्यात नाही. 'ब्युकॅनन' तेलावर चालणारी नौका होती, पण तिच्यावरून अण्वस्त्रे डागता येत असत, आणि ती प्रत्यक्ष नौकेवर आहेत की नाहीत याबद्दल होकार वा नकार काहीच द्यायचा नाही, हे अमेरिकेचे ठरलेले धोरण होते. अण्वस्त्रमुक्तीचे आश्वासन देऊन १९८४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने त्या मौनावर विसंबून नौका आत घेतली असती, तर मतदारांना दिलेला शब्द मोडला असता. मित्रासाठी स्वतःच्या जनतेची फसवणूक करावी, अशी अपेक्षा कोणत्याही करारातून निघत नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

प्रतिसाद : लंगर

केवळ कलमांवर बोट ठेवणे मला पटत नाही. परस्पर साहाय्याने संरक्षणक्षमता टिकवण्याचे कलमही त्याच करारात आहे, आणि मित्राच्या आरमाराला बंदर न देता ते कसे पाळायचे? शिवाय झळ ऑस्ट्रेलियालाही बसली. त्याला दोन्ही मित्रांशी वेगवेगळे व्यवहार सुरू करावे लागले. निष्ठेचा हिशेब मांडताना तिसऱ्या भागीदाराला वगळता येणार नाही.

प्रतिसाद : क्षितिजरेषा

ऑस्ट्रेलियाचा मुद्दा रास्त आहे, परंतु न्यूझीलंडने किंमत चुकवली हेही ध्यानात घ्यावे. १९८६ मध्ये अमेरिकेने त्याच्या संरक्षणाची आपली जबाबदारी स्थगित केली; तरीही पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने अण्वस्त्रमुक्तीचा कायदा केला. त्या कायद्याचे नववे कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. येणाऱ्या नौकेवर अण्वस्त्रे नाहीत याबद्दल पंतप्रधानांची स्वतःची खात्री पटली पाहिजे, असे ते सांगते. त्यासाठी पाहुण्या देशाकडून जाहीर कबुली घ्यावी लागत नाही, म्हणून दोघांनाही आपापल्या भूमिकेवर कायम राहता येते. याच मार्गाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये 'सॅम्पसन' ही अमेरिकी विनाशिका न्यूझीलंड नौदलाच्या पंचाहत्तरीसाठी आली, आणि त्याच सुमारास कायकोरा येथे मोठा भूकंप झाल्यामुळे मदतकार्यासाठी तिकडे वळली.