मदत हवी आहे: बार्किंगसाइडच्या मुलींच्या गावाबद्दल

लंडनच्या पूर्वेकडच्या इलफर्डला राहायला आल्यापासून बार्किंगसाइडच्या त्या हिरवळीवरून येणं-जाणं होतं. भोवती विटांची टुमदार, उतरत्या छपरांची घरं. अनाथ-गरीब मुलांसाठी आश्रमगृहं काढणाऱ्या थॉमस बर्नार्डोंनी १८७६ मध्ये निराधार मुलींसाठी उघडलेली ही वसाहत, हे परवा कळलं. वर्कहाउसच्या (निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या सरकारी आश्रमाच्या) अवाढव्य खोल्यांऐवजी लहान घरं, प्रत्येक घरात एक 'आई'. शिकवायचे मात्र धुणं, शिवण, स्वयंपाक. पुढे बऱ्याच जणी परक्या घरी मोलकरणी! (घरपण दिलं की कामवाल्या घडवल्या? माझं काही ठरत नाही.)

बर्नार्डोंचं मुलग्यांचं वसतिगृह लंडनमधल्याच स्टेपनी भागात. मग सख्ख्या बहीणभावांची भेट कशी व्हायची? गरीब-कायद्याखालच्या (निराधारांच्या सरकारी मदतीचा जुना कायदा) कॉटेज होम्समध्ये, म्हणजे अशाच लहान घरांच्या सरकारी वसाहतींत, तरी भावंडं एकत्र असत का? जुन्या नोंदी चाळलेलं कुणी असेल तर सुरुवात कुठून करू, सांगा ना.