पाच लिटरचे छोटे केग की बाटल्याच बऱ्या? (घरची बिअर)

तळाचा_गाळ

एका खेपेला २० लिटर बिअर निघते आणि सगळी ५०० मिलीच्या बाटल्यांत जाते. चाळीस बाटल्या धुवायच्या, चाळीस वेळा झाकण दाबायचं. १९ लिटरचा केग (बिअर दाबाखाली ठेवायची टाकी) फ्रिजमध्ये मावत नाही, तेव्हा तो बाद. स्टीलचे पाच लिटरवाले चार केग घ्यावेत असं मनात आहे. वर बॉल लॉकचं (नळ्या झटकन अडकवायच्या जोडणीचं) डोकं, त्यालाच बसणारी तोटी आणि १६ ग्रॅमच्या कार्ट्रिजवर (गॅसच्या छोट्या नळकांडीवर) चालणारा, दाब ठरवणारा मिनी रेग्युलेटर.

एका केगला कार्ट्रिज किती लागतात? साखर घालायची की गॅसनेच कार्बोनेट करायचं? एकदा तोटी लावली की बिअर किती दिवस टिकते? आणि या छोट्या केगमधून नुसता फेसच येतो म्हणतात, ते खरं का? बाटल्याच बऱ्या असं कुणाचं मत असेल तर तेही कारणासकट सांगा.

ओ_रिंग

आधी गॅसचा हिशोब करा. छोट्या केगचं गणित तिथेच फसतं.

फर्मेंटेशन २० अंशांना संपलं असेल तर बिअरमध्ये सुमारे ०.८५ व्हॉल्यूम (लिटरभर बिअरमध्ये तितके लिटर गॅस) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आधीच विरघळलेला असतो. पेल एलसारख्या बिअरला साधारण २.४ हवा. मधल्या दीड व्हॉल्यूमसाठी लिटरला ३ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे पाच लिटरला १५ ग्रॅम. एक कार्ट्रिज इथेच संपलं. आता ढकलायचा गॅस बघा. बिअर संपते तेव्हा केगमध्ये पाच लिटर गॅस उरलेला असतो आणि ४ अंशांना, ०.८ बार दाबाला (१२ पीएसआयच्या आसपास) त्याचं वजन १७ ग्रॅम भरतं. थोडक्यात, सगळं गॅसवर केलंत तर एका केगला दोन कार्ट्रिज, आणि तीही एक थेंब गळती नसेल तर.

म्हणून छोट्या केगला साखरच घाला. लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे केगला २५ ग्रॅम साधी साखर ५०-६० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, केगच्या तळाशी ओता आणि वरून बिअर सोडा. मग २० अंशांना दोन आठवडे. ग्रॅमभर साखरेतून अर्धा ग्रॅम गॅस मिळतो, त्यामुळे बिअर २.१-२.२ पर्यंत पोचते. वरची कसर सर्व्हिंगचा दाब भरून काढतो आणि एका कार्ट्रिजमध्ये केग उरकतो. 'केगला बाटलीच्या निम्मी साखर' हा सल्ला जिकडेतिकडे दिसेल. तो मोठ्या सिलिंडरवर आठवडाभर जोडून ठेवलेल्या केगला ठीक आहे. कार्ट्रिजवाल्याने लिटरला ३ ग्रॅमच घातली तर बिअर १.६ वर अडकते आणि पिताना मिळमिळीत लागते.

कार्ट्रिज एकदा टोचलं की पुन्हा बंद करता येत नाही. रेग्युलेटर रात्रभर केगवर ठेवला आणि एखादी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) किंचित कोरडी असली की सकाळी कार्ट्रिज रिकामं. पिणं झालं की नॉब शून्यावर आणा आणि रेग्युलेटर पोस्टवरून (केगच्या डोक्यावरच्या जोडणीवरून) काढून ठेवा. पोस्टमधला पॉपेट (स्प्रिंगची छोटी झडप) केग बंद ठेवतो. ओ-रिंगांना फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा हलका हात हवा. पहिल्यांदा भरल्यावर सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडा फुगताना दिसला की गळती सापडली. कार्ट्रिज फूड ग्रेडच घ्या. सायकलच्या टायरसाठी येणारी तशाच आट्यांची असतात, पण त्यांच्या आत तेलाचा अंश असू शकतो.

बूचवाला

बाटलीची बाजू कुणीतरी मांडायला हवी ना. सहा-आठ महिने ठेवायची कडक स्टाउट किंवा बार्लीवाइनसारखी बिअर असेल तर केग अडकवून ठेवण्यात काय अर्थ आहे? बाटलीतलं यीस्ट साखर खाताना आत शिरलेला बराच ऑक्सिजनही खातं. तपकिरी बाटली अंधारात ठेवली की काम झालं. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत मात्र उजेडाने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) बिघडतात आणि कुबट वास येतो.

बाटलीला लिटरला ६ ग्रॅम साखर, म्हणजे ५०० मिलीला ३ ग्रॅम. प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नका. सगळं सिरप एका भांड्यात, त्यावर सायफनने बिअर, म्हणजे सगळ्या बाटल्या सारख्या होतात. वर अडीच सेंटीमीटर जागा सोडा.

स्फोटाचं कारण बहुतेक वेळा साखर नसते, अर्धवट फर्मेंटेशन असतं. ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, साखर संपते तशी उतरते) ०.००१ ने उतरली की सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो. १.०१६ वर थांबलीय असं समजून बाटल्या भरल्या आणि ती पुढे १.०१२ पर्यंत गेली, तर दोन व्हॉल्यूम जास्तीचे. २.४ चे झाले ४.४. साध्या बाटलीला ते झेपत नाही. तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचे दोन आकडे तंतोतंत सारखे आले तरच भरा. डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट वापरलं असेल तर तीन दिवसही पुरत नाहीत. ते इतर यीस्टला न पचणारं डेक्सट्रिनही सावकाश फोडत बसतं. तिथे जाड काचेच्या बाटल्या किंवा सरळ केग. केगचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) ओढला की चूक निस्तरता येते. बाटली ही सोय देत नाही, एवढं मान्य.

फेसाळ

ओ_रिंग यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक खर्च धरलेला नाही. केगमधली हवा घालवायला लागणारा गॅस. हॉप्स जास्त असलेल्या बिअरमध्ये केगचा खरा फायदा हवेपासून बचाव हाच आहे. धुवायचा त्रास वाचतो तो वरकड. हवा लागलेली फिकट पिवळी आयपीए काही आठवड्यांत मातकट, जांभळट होते आणि आंब्या-संत्र्यासारखा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

दाब भरायचा आणि सोडायचा या पद्धतीत २ बारला दर वेळी ऑक्सिजन एक तृतीयांश होतो. पाच वेळा केलं तरी २१ टक्क्यांचा साधारण ०.०९ टक्के उरतो. तो कमी नाही. आणि पाच लिटरला २ बार म्हणजे दर खेपेला १८ ग्रॅम गॅस, एक आख्खं कार्ट्रिज हवेत!

फुकटचा गॅस वापरा. २० लिटर बिअर १.०५० वरून १.०१२ पर्यंत उतरते तेव्हा सुमारे ३८० लिटर सीओटू बाहेर पडतो. आपण तो एअरलॉकमधून सोडून देतो. त्याऐवजी फर्मेंटरची नळी पहिल्या केगच्या लिक्विड पोस्टला (जिची आतली नळी तळापर्यंत जाते ती बिअरची जोडणी) जोडा, त्याच्या गॅस पोस्टमधून दुसऱ्याच्या लिक्विड पोस्टला, असे चारही केग ओळीने. शेवटची नळी सॅनिटायझरच्या बरणीत बुडवा. चार केगची २० लिटर जागा एकोणीस वेळा धुऊन निघते. केग आधी सॅनिटाइझ केलेले हवेत. फर्मेंटरमध्ये वर निदान चौथा हिस्सा मोकळा ठेवा, नाहीतर फेस नळीतून चढून पॉपेटमध्ये अडकतो आणि फर्मेंटर फुगायला लागतो. बरणीतले बुडबुडे भर जोमात असताना अचानक थांबले तर आधी तेच तपासा. फर्मेंटर थंड करण्यापूर्वी साखळी सोडवा, नाहीतर बरणीतलं पाणी उलटं ओढलं जातं.

आता फेस. तोटी थेट केगच्या डोक्यावर बसते, म्हणजे ०.८ बारचा दाब मोडायला मध्ये काहीच नसतं. बिअर तोटीत येताच फुटते. एक तर ४ मिमी आतल्या व्यासाची दीड-दोन मीटर नळी गुंडाळून फ्रिजमध्येच ठेवा आणि तिच्या टोकाला तोटी लावा. ५ मिमीची असेल तर तीन मीटर लागते. नाहीतर फ्लो कंट्रोलवाली तोटी घ्या. वाहणं त्याच्या नॉबने कमी करायचं, दांडा मात्र पूर्णच उघडायचा. अर्धवट उघडलेली तोटी म्हणजे फेसाचं यंत्र. एका संध्याकाळीच केग संपवायचा असेल तर तिसरा उपायही चालतो. रिलीफ व्हॉल्व्हने दाब उतरवा आणि ०.२ बारवर ओता. चार दिवस तसंच ठेवलंत तर बिअर सपक होते.

पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर तोटी गरम आहे. प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर दाब जास्त किंवा नळी आखूड. नळीत सतत बारीक बुडबुड्यांची माळ दिसत असेल तर लिक्विड डिप ट्यूबच्या (केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीच्या) मानेची ओ-रिंग बघा. वरचा गॅस तिथून बिअरच्या नळीत घुसतो, आणि लोक मात्र दाब कमी-जास्त करत बसतात.

टिकण्याबद्दल. केगमध्ये हवा शिरली नाही तर तोटी लावल्यानंतरही सहा-आठ आठवडे काही होत नाही. टिनचे वापरून टाकायचे पाच लिटरवाले केग, ज्यांत तोटी हातपंपाने हवा भरते, ते मात्र एक-दोन दिवसांत संपवावे लागतात. लोक दोन्हींना मिनी केगच म्हणतात, त्यातून गोंधळ होतो.

तळाचा_गाळ

ही साखळी आवडली. पण एक अडचण. चारही केग हवाबंद झाले, मग साखरेचं सिरप घालायचं कसं? झाकण उघडलं की हवा आत.

ओ_रिंग

सिरप साखळी जोडण्यापूर्वीच केगमध्ये घाला. उकळलेलं आणि केग स्वच्छ असेल तर आठ-दहा दिवस तसं राहिलं तरी बिघडत नाही. पुढे बिअर भरताना फर्मेंटर उंचावर ठेवा. फर्मेंटरची तोटी केगच्या लिक्विड पोस्टला आणि केगचा गॅस पोस्ट फर्मेंटरच्या झाकणाला. बिअर खाली येते, तेवढाच गॅस वर जातो. बाहेरची हवा कुठेच येत नाही. केग वजनकाट्यावर ठेवा. पाच किलोला शंभर-दीडशे ग्रॅम कमी असतानाच थांबा, म्हणजे वर जागा उरते आणि गॅस पोस्टमधून बिअर उलटी चढत नाही.

फेसाळ

किंवा साखर घालूच नका. बूचवाल्यांचाच आकडा उलटा वापरा. ०.००१ ला अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे ग्रॅव्हिटी अंतिम आकड्यापेक्षा ०.००३ वर असताना बिअर केगमध्ये घ्यायची. उरलेली साखर आतच फर्मेंट होऊन ०.८५ चे २.३५ होतात. यासाठी अंतिम आकडा आधी कळायला हवा. पहिल्याच दिवशी २०० मिली वर्ट (बिअर होण्यापूर्वीचं माल्टचं गोड पाणी) वेगळा काढा, त्यात यीस्ट सढळ हाताने घाला, २५ अंशांना ठेवून अधूनमधून हलवा. तीन-चार दिवसांत त्याचं फर्मेंटेशन पूर्ण होतं. त्याचा आकडा हाच तुमचा अंतिम आकडा.

गेजवाली कॅप गॅस पोस्टवर लावून ठेवा. २० अंशांना १.८ बार दिसला की साधारण २.४ व्हॉल्यूम झालं. काटा २ बारच्याही वर चढला तर दिवसातून एकदा व्हॉल्व्ह थोडा ओढून खाली आणा. २ बारवर थांबला तर हात लावू नका, सरळ फ्रिजमध्ये. दोन दिवस थंड होऊ द्या, यीस्ट खाली बसतं. पहिला अर्धा ग्लास गढूळ येईल, तो ओतून टाका. त्यानंतर केग हलवायचा नाही. डिप ट्यूब तरंगती असेल तर बिअर वरूनच ओढली जाते आणि तोही अर्धा ग्लास वाचतो.

बूचवाला

त्यातल्याच दोन-चार बाटल्या कुणाला द्यायच्या असतील तर केगमधूनही भरता येतात. बाटल्या सॅनिटाइझ करून फ्रिजमध्ये केगइतक्या गार करा. दाब ०.२ बार, तोटीला बाटलीच्या तळापर्यंत जाणारी नळी, आणि फेस गळ्याच्या बाहेर येऊ लागला की त्या फेसावरच झाकण ठोका. फेस उतरायची वाट बघितली तर ती जागा हवा घेते. अशा बाटल्या फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे ठीक राहतात. बार्लीवाइन मात्र अशी भरू नका.

ओ_रिंग

धुण्याचं राहिलं. केग रिकामा झाला की त्याच दिवशी धुवा. सोडियम परकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम, ६० अंशांचं पाणी, अर्धा तास. त्यातलंच थोडं पाणी नळीतून आणि तोटीतून सोडा. दोन्ही पोस्ट सुटे करा, पण पॉपेट एकमेकांत मिसळू नका. काही बनावटींत गॅसचा आणि लिक्विडचा पॉपेट वेगळा असतो. चुकीचा बसला की गळतो, आणि ते कळतं कार्ट्रिज संपल्यावर. स्टीलला ब्लीच लावायचं नाही. क्लोराइडने बारीक खड्डे पडतात आणि ते कशानेच जात नाहीत.